तिने बोलायचं नाही, मला लिहिता येत नाही

४ मार्च

लिही. माझं नाव घालू नकोस, वही चोरीला गेली तर चोर कपाळाला हात लावून परत आणून देईल.

ही वही नातीने आणली. डॉक्टरीणबाईंनी तिला दिवसाचे तेवीस तास तोंड बंद ठेवायला सांगितलंय. उरलेल्या एका तासात गायचं. घशात फोड आलाय म्हणे, फार गाऊन. मी म्हटलं, गाऊन कसला, बोलून आला असेल. जन्मल्यापासून हिचा पट्टा सुरू आहे. पाळण्यात अशी केकाटायची की मी तिला टिटवी म्हणायला लागले, आणि आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. आता टिटवी गप्प. घरात घड्याळाचा आवाज येतो. आम्हाला घड्याळ आहे हे मला नव्यानेच कळलं.

तर तिने बोलायचं नाही आणि मला लिहिता येत नाही. दोघी मिळून एक धड बाई होते. मी बोलते, ती लिहिते. लिहिलेलं वाचून दाखव म्हणावं तर तोंड उघडायची बंदी. म्हणजे ही माझ्या नावावर काय वाटेल ते खपवू शकते. बघा, खांदे हलतायत. हसलीस तेही लिही.

खुणा ठरवल्या आहेत. टेबलावर एकदा टकटक म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. तीनदा म्हणजे आजी, पुरे.

आत्ता तीनदा झाली.

६ मार्च

ईपी म्हणजे काय ते समजावायला हिने मला पाच बोटं दाखवली. पाच गाणी. मोठा अल्बम म्हणजे दहा-बारा गाण्यांचं एकत्र कुटुंब आणि ईपी म्हणजे पाच गाण्यांचं सुटसुटीत बिऱ्हाड, असं मी समजून घेतलं. एकदा टकटक.

गाणी हिची, चाल हिची, गिटार हिचं. शब्द मात्र बरेचसे माझे चोरलेले. मी भाजी निवडताना काहीतरी बोलते आणि पंधरा दिवसांनी तेच गाण्यात येतं, तेही डोळे पुसत. मी म्हटलं होतं, ‘दाराची कडी आतून लागत नाही, सुताराला बोलवा.’ त्याचं हिने विरहाचं गाणं केलं. सुतार अजून आलेला नाही.

मला कळत नाही ते एवढंच की ही घाई कशाची. दोन वर्षं गाणी पडून होती. ‘अजून पिकली नाहीत’ म्हणायची. आता एकदम सतरा तारखेच्या आत पाचही झालीच पाहिजेत. मी विचारलं, ‘दुसरी कुणी गाणारी तुझ्या पुढे चाललीय का?’ दोनदा टकटक. ‘मग ती रेकॉर्डिंगची खोली दुसऱ्या कुणाला द्यायचीय का?’ जरा थांबून एकदा टकटक.

स्वयंपाकघरात सूनबाईच्या हातून झाकण पडलं. हल्ली तिच्या हातून फार पडतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार. सांगितलं तर म्हणते, ‘हो आई, दाखवते एकदा.’ सासूचं इतकं पटकन ऐकायला लागली म्हणजे नंबर खरंच वाढलाय.

९ मार्च

आज मलाही रेकॉर्डिंगला नेलं. गादीवाल्याच्या गोदामामागे एक खोली आहे. चारी भिंतींना गाद्या उभ्या करून ठेवल्यात. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. मी म्हटलं, अशी खोली मला लग्नानंतर मिळाली असती तर सासूशी माझं उत्तम जमलं असतं.

तिथे एक तरुण आहे, तो सगळी यंत्रं बघतो. बोलतो कमी, कान सतत टवकारलेले. मी त्याला कानसेन म्हणते. त्यालाही आवडलं असावं, कारण त्याने मला बसायला सगळ्यात जाड गादी दिली. तिथेच घोटाळा झाला. गादी दिसली की माझ्या पाठीला आपोआप कळतं. तिसरं गाणं चालू होतं आणि मध्येच कानसेनाने हात वर केला.

‘आजी, घोरताय.’

‘काहीतरीच. मी डोळे मिटून ऐकत होते.’

‘तुमचं ऐकणं रेकॉर्ड झालंय.’

टिटवीला हसू आवरेना, पण हसण्यानेही घशाला ताण पडतो म्हणून तोंडावर हात दाबून ती खाली बसली. मग गाणं पुन्हा पहिल्यापासून. दोन कडवी झाली आणि तिने गळ्याला हात लावला. तास संपला होता. ती गादीकडे तोंड करून उभी राहिली. मी म्हटलं, ‘एवढं काय त्यात, उद्या गा.’

कानसेन म्हणाला, ‘आजी, उद्याचेही तास मोजलेले आहेत.’

मला वाटलं, गादीवाल्याने तंबी दिलीय. म्हटलं, ‘त्याला माझ्याकडे पाठव. मी बघते त्याच्याकडे.’

कानसेन हसला नाही. चांगला मुलगा आहे, पण जरा सुतकी आहे.

१२ मार्च

चार गाणी झाली. पाचव्यावरून आमचं भांडण आहे.

हे माहीत हवं की मी एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घातल्या. मोठ्या चादरीची घडी एकटीने नीट होत नाही, समोर कुणीतरी लागतं. दोघींनी टोकं धरायची, झटकायची, जवळ यायचं, टोक टोकाला द्यायचं, मागे सरायचं, पुन्हा जवळ यायचं. दिवसाला शे-दोनशेदा जवळ यायचं म्हणजे समोरच्या बाईने सकाळी काय खाल्लं तेही कळतं. भांडण झालेलं असलं तर फार पंचाईत.

काम सुटलं तेव्हा सगळ्यांनी मिळून मला शाल दिली. ती मी कपाटाच्या खालच्या खणात ठेवून दिलीय. परवा टिटवीने ती काढून माझ्यासमोर धरली, नापसंतीच्या भुवया वर करून. मी म्हटलं, ‘असू दे. मी तिची घडीही मोडलेली नाही.’ झालं. चोरी झाली.

ठेवलीस तशीच आहे मी
कपाटाच्या खालच्या खणात,
कुणी घडी मोडली नाही,
कुणी घडी मोडली नाही.

मी म्हटलं, ‘अगं, मी काय एवढी दुःखी आहे का? मला ती शाल टोचते.’

दोनदा टकटक. म्हणजे काय ‘नाही’? मला टोचते का नाही ते मला ठाऊक!

‘आणि घडी म्हणजे कापडाची. तू अशी गातेस की लोकांना वाटेल वेळेची.’

एकदा टकटक.

‘म्हणजे तुला दोन्ही हवं?’

एकदा टकटक. लोभी कुठली.

पण खरं ते सांगते. आज तिच्या तासात तिने ते बिछान्यावर बसून गाऊन दाखवलं तेव्हा मी सुरी खाली ठेवली. शेवटच्या ‘नाही’वर आवाज वर गेला आणि अगदी काठावर जाऊन उभा राहिला, कठड्यावर मूल उभं राहतं तसा.  पडला नाही. आपला आपण खाली उतरला.

हे तिला तोंडावर सांगितलं नाही. लिहून घे, म्हणजे सांगितल्यासारखं होईल.

१५ मार्च

आज बोलण्यासारखं काही नाही. नळाला पाणी आलं नाही. मुलगा टँकर घेऊन लांबच्या फेरीवर जाणार होता, त्याने फेरी बदलून घेतली. विचारलं तर म्हणाला, ‘घरी असावंसं वाटलं.’ वीस वर्षांत या माणसाला घरी असावंसं वाटलं नव्हतं.

सगळे माझ्याशी फार गोड वागतायत. मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय आणि लपवतायत. म्हणून मी टिटवीला समोर बसवलं. म्हटलं, ‘माझे काही दिवस भरलेत का?’ दोनदा टकटक, एवढ्या जोरात की कप हलला.

‘मग तुझं काय आहे? फोडच आहे ना?’

एकदा.

‘काढला की महिन्याभरात पुन्हा गाशील ना?’

एकदा.

बरं. मग मला काही भीती नाही.

मी थांबले, पण हिचं पेन अजून चालूच आहे. मी एवढं कधी बोलले? अगं, माझ्या वहीत स्वतःचं काय घुसडतेयस? वर बघायलाही तयार नाही.

१७ मार्च

पाचवं गाणं झालं नाही.

पहिल्या दोन ओळी छान आल्या. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. कापड ओलं असताना ओढलं की फाटतं ना, तसा. पुन्हा धरलं. पुन्हा तिथेच. पाच वेळा. कानसेन दरवेळी म्हणायचा, ‘घाई नाही,’ आणि दरवेळी घड्याळाकडे बघायचा. सहाव्यांदा तिने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही, नुसता वारा.

कानसेन म्हणाला, ‘चार आहेत. चारही चांगली आहेत.’

तिने कानावरचं काढलं. वायर कोपर आणि अंगठ्याभोवती गुंडाळली, एकसारखी, माझ्याकडूनच शिकलीय, आणि यंत्रावर ठेवली.

खोलीत दोघंही असे उभे की जणू कुणी गेलंय. मला राहवेना. मी म्हटलं, ‘अरे, फोड निघाला की येईल पुन्हा. पाचवं तेव्हा गाईल. तोवर मी झोप काढून ठेवते, म्हणजे मध्ये घोरणार नाही.’

कानसेनाने पाठ फिरवली. या पिढीला विनोद कळत नाहीत.

२० मार्च

आजपासून सूनबाई लिहितेय. टिटवीला आज इस्पितळात नेलं, उद्या कापायचं आहे.

मी काम करायचे ते हे इस्पितळ नव्हे, पण वास तोच. सगळे फॉर्म भरत होते तेव्हा मी तिच्या खाटेवरची चादर नीट केली. कोपरा कुणीतरी अगदी गबाळ्यासारखा खोचला होता. चादरीच्या काठावर तीन रेघांचा शिक्का होता. अक्षर येत नसलं तरी रेघा मला मोजता येतात. आमच्याकडे तीन रेघा म्हणजे तिसरा मजला, मोठी ऑपरेशनं. फोडवाले तिसऱ्या मजल्यावर नसतात. ते सकाळी येतात आणि संध्याकाळी घरी जातात, त्यांच्या चादरींना एक रेघ. मी स्वतःला म्हटलं, प्रत्येक इस्पितळाची पद्धत निराळी असते.

संध्याकाळी घरी आल्यावर सूनबाईला म्हटलं, वही घे. कुठून लिहायचं ते बघायला तिने मागची पानं उलटली, आणि उलटता उलटता थांबली.

‘काय वाचलंस?’

‘काही नाही, आई. अक्षर लागत नाही.’

‘तिचं अक्षर तूच गिरवून घेतलंस. वाच.’

‘आई, नको.’

‘वही कुणाची आहे?’

मग तिने वाचलं. पंधरा तारखेच्या पानावर, माझ्या बोलण्याखाली होतं. तसंच इथे पुन्हा लिहायला लावतेय, कारण मला एकदा ऐकून पुरलं नाही:

‘आजी, फोड नाही. गाठ आहे. ती अशा जागी आहे की काढताना गाण्याचा आवाज वाचणार नाही, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. बोलता येईल. कसं, ते माहीत नाही. गाता येणार नाही. तू विचारलंस आणि मी एकदा टकटक केली. तोंडाने तुझ्याशी खोटं बोलता आलं नसतं. टेबलावर वाजवता आलं. म्हणून खरं इथे लिहून ठेवते, इथे ते तुला सापडणार नाही.’



घरातली सगळ्यात सुरक्षित जागा तिने बरोबर शोधली होती. आजीची वही. फक्त लिहिणारा हात बदलेल, हे पोरीच्या लक्षात आलं नाही.

सूनबाईला विचारलं, ‘तुझ्या नवऱ्याला माहीत होतं?’

‘हो.’

‘त्या कानसेनाला?’

‘हो, आई.’

‘शेजारणीला?’

‘...थोडंसं.’

म्हणजे मला वाचता येत नाही एवढंच नव्हतं. सतरा तारखेला त्या खोलीत माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं की ती शेवटचं गातेय. आणि मी मध्ये उभी राहून झोपेचा विनोद केला.

तिच्या तिसऱ्या गाण्यात मी घोरले. तिच्या उरलेल्या तासांतला किती वेळ मी घोरून खाल्ला, त्याचा हिशेब मला करता येत नाही. करणार आहे, पण येत नाही.

२१ मार्च

गाठ निघाली. पूर्ण निघाली म्हणतात. जीवाला आता धोका नाही. मी डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि मनातून त्यांना शिव्याही दिल्या. दोन्ही खरं होतं.

२४ मार्च

मी ठरवलंय, टिटवीला कळू द्यायचं नाही की मला कळलंय. तिने एवढा जीव टाकून माझ्यापासून लपवलं, तर ते लपलेलंच राहू दे. घरी आली की मी विचारणार, ‘गेला का गं फोड?’ आणि नेहमीसारखी थट्टा करणार. थट्टा मला झोपेतही येते.

सूनबाई म्हणाली, ‘आई, पण...’

म्हटलं, ‘पण नाही नि बिण नाही. लिही.’

२७ मार्च

टिटवी घरी आली. गळ्याला पट्टी. अजून दहा दिवस एक अक्षर काढायचं नाही.

मी खिडकीशी बसून, ठरवल्याप्रमाणे, अगदी सहज विचारलं, ‘काय गं, गेला का फोड?’

टकटक नाही. एकदाही नाही, दोनदाही नाही. मान वळवून पाहिलं तर ती खाटेवर बसलेली आणि मांडीवर ही वही. पानं उलटत होती. एक. दुसरं. मग थांबली.

तेव्हा मला सूनबाईचं ‘पण’ कळलं. सगळं घर अक्षरओळखीचं आहे आणि मी गुपित ठेवायला निघाले ते वहीत! आजी तशी नात.

ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली. माझा हात उलटा करून तळव्यावर तीनदा टकटक केली. मग हात सोडलाच नाही, म्हणून आम्ही दोघींनी जेवण एकेका हाताने केलं. मला डावा आला होता. अर्धं अंगावर सांडलं.

आता ती पुन्हा लिहितेय. तिचं पेन कागदाला जरा खरडतं, सूनबाईचं तसं वाजत नाही. बरं वाटतंय ऐकायला.

७ एप्रिल

हे तूच लिही. मी केलं ते तुझ्याच हाताने लिहिलं जाऊ दे.

आज दवाखान्यात तिला पहिल्यांदा बोलायला लावणार होते. सूनबाई बरोबर गेली. मी एकटी घरी. अकराच्या सुमाराला घरचा फोन वाजला.

‘आजी.’

‘कोण बोलतंय?’

 मला वाटलं, टिटवीच्या ऑफिसातली कुणी असेल, तिथल्या पोरी मला आजीच म्हणतात. म्हटलं, ‘ती घरात नाही हो. डॉक्टरकडे गेलीय. आज तिचं तोंड उघडणार आहे, उद्यापासून बघा आमच्या घराकडे.’

‘आजी...’

पुन्हा तेच. घोगरं. वारा जास्त आणि आवाज कमी.

‘तुमचाही घसा बसलाय वाटतं, बाई. गरम पाणी प्या. आमच्या घरात आता घशाचं सगळं पाठ झालंय.’ आणि वर हसले. ‘ती आली की सांगते. कोणाचा फोन होता म्हणून सांगू?’

फोन ठेवल्याचा आवाज आला. निरोप विसरायला नको म्हणून मी ‘घोगरी बाई, घोगरी बाई’ असं घोकत बसले.

दोघी आल्या. मी दारातच म्हटलं, ‘अगं, तुझ्यासाठी एका घोगऱ्या बाईचा...’ आणि सूनबाईचं तोंड दिसलं.

टिटवीने चपला काढल्या. माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, ‘गरम पाणी देता का? तुम्हीच सांगितलंत.’

चोवीस वर्षांत तिने मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. थट्टा होती ती. माझ्याकडूनच उचललेली, अगदी माझ्या पद्धतीची, चेहरा हलू न देता केलेली. मी हसायला हवं होतं. ती वाट बघत होती मी हसायची.

मला हसता आलं नाही. मी आत जाऊन पाणी तापत ठेवलं.

तिने ते सगळं प्यायलं. भांडं विसळून पालथं घातलं.

१२ एप्रिल

चार गाणी आज लोकांसाठी सोडली. सोडली म्हणतात, पाखरं सोडतात तसं. कानसेन फोन घेऊन घरी आला, टेबलावर ठेवला आणि लावली. मुलगा उभा राहून ऐकत होता, बसच म्हटलं तरी बसेना. सूनबाई कणीक मळायची थांबली, हात तसेच भरलेले.

टिटवी आतल्या खोलीत गेली. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

त्यातला आवाज मी पहिल्या अक्षराला ओळखला. आणि ओळखला याची मला लाज वाटली.

तिसऱ्या गाण्यात मी कुठेच नाही. कानसेनाने शपथेवर सांगितलं. कुणीकुणी त्याच्या फोनवर लिहून पाठवत होतं, तो वाचून दाखवत होता. खूप छान, पुन्हा पुन्हा ऐकतोय, वगैरे. एकाने लिहिलं होतं, ‘पुढचं कधी?’ ते वाचून तो वाचायचाच थांबला.

मग जरा घुटमळत म्हणाला, पाचवं दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेता येईल. आतून ती म्हणाली, ‘नाही.’ एवढंच. त्या आवाजात ‘नाही’ फार लवकर संपतं, त्याला वर जायला जागाच नाही.

कानसेन माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, ‘नजर वळव. मी गायले तर गादीवाला गाद्या उचलून नेईल.’ यावर तो हसला. पहिल्यांदाच. हसला आणि लगेच डोळे पुसले, सर्दी झालीय म्हणाला.

चारच राहिली. तिने तसंच ठरवलं, आणि तिचंच ते ठरवणं आहे. मला पाचवं पाठ आहे. मी ते कुणाला म्हणून दाखवणार नाही.

१६ एप्रिल

सात तारखेपासून माझा डोळा नीट लागत नाही. गाणं गेलं, ते मी तिला परत आणून देऊ शकत नाही. पण फोनवर मी तिला विचारलं की तू कोण, ते माझं आहे, ते मला दुरुस्त करता येईल. म्हणून एक काम काढलंय.

सकाळी मी ओट्याकडे तोंड करून उभी राहते. मागच्या खोलीतून कुणीतरी बोलायचं. सूनबाई, टिटवी, दूध द्यायला येते ती बाई, जी सापडेल ती. काय वाटेल ते बोलायचं, फक्त ‘आजी’ म्हणायचं नाही, कारण आजी म्हणणारी एकच आहे आणि मग ती लबाडी होईल. मी मागे न बघता सांगायचं, कोण.

डॉक्टरीणबाईंनी टिटवीला दिवसाला थोडंसंच बोलायची परवानगी दिलीय. त्यातलं बरंचसं ती माझ्या या शाळेवर खर्च करते. सूनबाई म्हणाली, ‘आई, तिच्या घशाला विश्रांती द्या.’ टिटवीने टेबलावर दोनदा वाजवलं.

पहिल्या दिवशी मी चारदा चुकले. एकदा तर तिला दूधवाली म्हटलं, आणि दूधवालीला राग आला, माझा आवाज काय इतका वाईट आहे का म्हणून. मग तिला कळलं आणि बिचारी अर्धा लिटर जास्त ओतून गेली. काल दोनदा चुकले. शब्द मोठा असला की जमतं. ‘खिडकी’ म्हणाली की मधल्या अक्षराला आवाज तुटतो आणि पुढच्याला परत लागतो, ती जागा मी धरून ठेवलीय. धुलाईघरात आम्ही चादर फाटली कुठे ते डोळे मिटून, बोट फिरवून सांगायचो. तसंच हे.

आज सकाळी पहिली हाक आली, ‘दिवा चालू राहिलाय.’ म्हटलं, सूनबाई. बरोबर.

दुसरी, ‘बाहेर कुणी आलंय का?’ म्हटलं, पुन्हा सूनबाई. बरोबर. बनवायला बघत होत्या.

मग नुसता श्वास घेतल्याचा आवाज, बोलायच्या आधी घेतात तेवढा.

मी म्हटलं, ‘टिटवी.’

आतून काहीतरी आलं. खरखरीत, तुटक, दोन-तीनदा. हसली का रडली, ते मला या आवाजात अजून वेगळं काढता येत नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. सूनबाई सांगायला लागली, तिला गप्प केलं.

तूही लिहू नकोस, काय होतं ते. मला ऐकून कळू दे.